रुसू-फुगूचं शेवटचं भांडण

११ जानेवारी

रुसू,

तुझं पत्र मिळालं. पोस्टमन दारात उभा राहून सही मागत होता, तेव्हा आईला वाटलं कोर्टाची नोटीस आली. नोटीस असती तर बरं झालं असतं. नोटिशीत निदान बाजू मांडायला तारीख देतात. तू दिल्यास चार ओळी. ‘आपलं अकाउंट बंद कर. सगळे व्हिडिओ काढून टाक. जुने टाकत राहणं थांबव. मी परत सांगणार नाही.’ खाली नाव. वर मायना नाही, कसा आहेस नाही. औषधाच्या चिठ्ठीवर याहून जास्त जिव्हाळा असतो, आणि तू तर आता दवाखान्यातच काम करतेस.

मी ठीक आहे. विचारलं नाहीस त्याबद्दल आभार.

आता उत्तर. नाही. बंद करणार नाही.

तू ऑगस्टमध्ये सगळीकडून उठून गेलीस. नंबर बदललास, प्रत्येक ठिकाणचं नाव-फोटो पुसलास आणि मैत्रिणीकडून निरोप धाडलास, की तिला जरा संतुलित आयुष्य जगायचंय. तो शब्द ऐकून माझं टाळकंच सरकलं. संतुलन राखायला दोन पारडी लागतात, बाई. तू एक उचलून उकिरड्यावर टाकलंस आणि आता उरलेल्या एकात बसून म्हणतेस, बघा कशी मी स्थिर.

त्या उकिरड्यावरच्या पारड्यात बसून मी काय करतोय, तर दर दोन-तीन दिवसांनी एक जुना व्हिडिओ टाकतोय. आपण शूट करून ठेवलेले आणि न टाकलेले ढीगभर होते, तुला आठवत असेल. लोकांच्या लेखी रुसू अजून रुसते, फुगू अजून तिची समजूत काढतो, आणि शेवटी ती डोळ्याच्या कोपऱ्यातून बघून म्हणते, ‘जा, बोलू नकोस माझ्याशी.’ पावणेदोन लाख लोकांच्या घरात आपला संसार सुखाचा चाललाय. फक्त माझ्याच घरात नाही.

माझ्या घरातही चाललाय म्हण. आईला मी सांगितलेलं नाही. ती प्रत्येक व्हिडिओखाली हात जोडल्याचं चित्र टाकते आणि लिहिते, ‘दोघं अशीच राहा.’ मी शेजारच्या खोलीत बसून तिच्या त्या कमेंटला बदाम देतो. बाबांचं तुला माहीतच आहे. कॉलेज सोडल्यापासून ते माझ्याशी थेट बोलत नाहीत. ‘त्याला सांग, पंखा बंद कर म्हणावं.’ मी तिथेच पंख्याखाली बसलेला असतो.

कॉलेज मी दुसऱ्या वर्षात सोडलं, ते कुणासाठी, हा प्रश्न या पत्रात विचारत नाही. पुढच्या पत्रासाठी राखून ठेवतो.

अजूनही फुगू

ता. क. नोकरी लागली आहे. तरणतलावावर जीवरक्षक. उंच खुर्चीवर बसून लोक बुडतात का ते बघायचं. मोबाईल दारातल्या कपाटात कुलपात. म्हणजे दिवसाचे आठ तास मी तुझ्याहून संतुलित असतो.


१९ जानेवारी

रुसू,

उत्तर नाही. अपेक्षाही नव्हती. ‘मी परत सांगणार नाही’ म्हणालीस म्हणजे नाहीच सांगणार. पूर्वी तू असं म्हणालीस की तासाभरात सांगायचीस.

साठा संपत आलाय. चादरीवरून भांडण झालं तो टाकला. तू माझा वाढदिवस विसरलीस आणि उलट माझ्यावरच रुसलीस तो टाकला. छत्रीचा टाकला, त्यात तुला हसू फुटलं होतं म्हणून आपण ठेवून दिलेला. लोकांना तोच सगळ्यात आवडला. आता एकच उरलाय. कुठला ते तुला ठाऊक आहे.

तो बाकीच्यांसारखा मोबाईलमध्ये नाही. तिथून जागेसाठी उडवला. अकाउंटच्या आत, फक्त मला दिसेल असा लपवून ठेवलाय. रोज बघतो. पहिल्यांदा बघताना राग येतो, दुसऱ्यांदा बघताना वाटतं की उजेड किती छान आलाय.

तू आणि तुझ्या मैत्रिणी माझ्याबद्दल काय बोलत असाल ते मला माहीत आहे. दगड आहे, माणूस समोर तुटतोय आणि याला शूटिंग सुचतंय. तर मग सगळंच बोलू. भांडण वाया जाऊ द्यायचं नाही, हा नियम कुणाचा होता? तुझा. तुझ्या मावशीच्या गच्चीवरच्या खोलीत आपण पहिल्यांदा खरंखुरं कडाक्याचं भांडलो, तू उशी फेकलीस, आणि मध्येच थांबून म्हणालीस, ‘अरे, हे किती चांगलं चाललं होतं. स्टँड लाव ना.’ तेव्हापासून तशीच रीत पडली. भांडण पेटलं की अर्ध्यात थांबवायचं, स्टँड लावायचा, तू खिडकीकडे तोंड करायचं, आणि पहिल्यापासून सुरू. मिटवायचंही कॅमेऱ्यासमोरच. कॅमेरा बंद झाल्यावर पुन्हा मिटवायला काही उरायचं नाही.

मग त्या दिवशी मी काय वेगळं केलं?

मी स्टँडचा स्क्रू आवळत होतो. माझी पाठ तुझ्याकडे. तू मागून म्हणालीस, ‘मी जातेय. मला हे नको आहे आता. आणि तूही नको आहेस.’ मी वळलो. तू कपाटाजवळ उभी, चेहऱ्यावर अंधार. मी म्हटलं, ‘थांब. परत म्हण. उजेड नव्हता.’

हो, म्हटलं मी असं. आपल्या खोलीत रोज दहा वेळा म्हटलं जायचं ते वाक्य होतं. आणि तू काय केलंस? तू ओरडली नाहीस, रडली नाहीस, स्टँड लाथाडला नाहीस. तू चालत खिडकीपाशी गेलीस. केस डाव्या कानामागे घेतलेस, कारण डावी बाजू तुझी चांगली दिसते. आणि परत म्हणालीस. अगदी सावकाश. ‘तूही’च्या आधी एक छोटा थांबा घेतलास, पहिल्या वेळी तो नव्हता. मग पिशवी उचलून गेलीस. मी मागून ओरडलो, ‘एक नंबर.’

सांग आता. माझ्या जागी कुणालाही काय वाटलं असतं? मी तासभर बसून तो जोडला, खाली हळू संगीत टाकलं आणि तुला पाठवला. ‘बघ, आजवरचा सगळ्यात भारी झालाय.’ त्यावर एकच टिक आली. ती एकच राहिली.

रविवारी मी हा टाकणार आहे. दोनच शब्द लिहीन, ‘शेवटचं भांडण’. लोकांना ठरवू दे दगड कोण.

फुगू


२७ जानेवारी

रुसू,

तू लिहिलं आहेस की मला रुसू म्हणू नकोस. म्हणणार. सवय आहे.

रविवारी मी व्हिडिओ टाकला नाही, कारण शनिवारी तुझं पत्र आलं. या वेळी चार ओळी नव्हत्या, दोन्ही बाजूंनी भरलेला कागद होता. मी तो तरणतलावाच्या पायरीवर बसून वाचला. एक कोपरा ओला झालाय, तो पाण्यानं. गैरसमज नको.

तू जे लिहिलंस ते मी इथे पुन्हा लिहून बघतो. दुसऱ्याच्या अक्षरात वाचलं की मला ते आपल्याबद्दल आहे असं वाटत नाही.

वॉर्डातल्या एका पेशंटचा भाऊ. पेशंटला तू रोज पाय उचलायचे व्यायाम शिकवतेस, तेव्हा तो पलंगाशी उभा राहून बघत असतो. त्या दिवशी त्यानं तुला जिन्याजवळ अडवून मनगट धरलं. तू ओरडलीस, हात सोडा. तिथे माणसं होती. दोन परिचारिका, एक सफाईवाली, बाकावर बसलेले नातेवाईक. ते हसले. कुणीतरी म्हणालं, ‘रुसली, रुसली.’ एकीनं मोबाईल वर धरला. तू अजून जोरात ओरडलीस तसे ते अजून हसले. शेवटी त्यानंच कंटाळून हात सोडला. तक्रार करायला वर गेलीस, तर तिथल्या बाई म्हणाल्या, ‘परवाच तुमचा छत्रीचा बघितला. काय गोड रागावता हो तुम्ही.’

छत्रीचा मी टाकला होता. त्याच आठवड्यात.

हे वाचून मी काय केलं असेल ते तुला कळेल. आधी त्या माणसाचं नाव हवंय मला. नाव आणि तो कुठल्या वेळेला येतो ते. बाकी माझं मी बघतो. त्याचा तोच हात असा पिरगाळीन की त्यालाही तुझ्याकडे व्यायाम शिकायला बसावं लागेल. तू पुढे लिहिलंच आहेस, ‘तू येशील, मारामारी करशील आणि त्याचाही कुणीतरी व्हिडिओ काढेल.’ काढू दे.

दुसरं, यात अकाउंटचा काय दोष? हात त्यानं धरला, व्हिडिओनं नाही. हसले ते लोक नालायक होते. उद्या लोक आंधळे झाले म्हणून आपण सूर्य बंद करायचा का? हे मी पायरीवर मोठ्यानं म्हणालो. मॅडम मागे उभ्या होत्या. मॅडम म्हणजे इथल्या मुख्य प्रशिक्षक, पन्नाशीच्या, आवाज पत्रा ओढल्यासारखा. मला ‘कलाकार’ म्हणतात, त्यांच्या सुनेनं आपले व्हिडिओ दाखवलेत. त्या म्हणाल्या, ‘कलाकार, सूर्य नंतर बंद करा, आधी शॉवरचा नळ बंद करा. केव्हाचा वाहतोय.’

तिसरं म्हणजे खिडकीचं.

तू लिहिलंस, ‘खिडकीकडे मी आपणहून गेले. तू फक्त परत म्हण म्हणालास, खिडकी मी शोधली. आयुष्यातलं सगळ्यात खरं वाक्य मी उजेड बघून म्हटलं, केस नीट करून म्हटलं, आणि म्हणताना मला बरं वाटत होतं की छान जमतंय. जिन्यातून उतरताना मध्येच थांबले ते तुला सोडलं म्हणून नाही. मला कळेना की मी खरंच चिडले आहे का. म्हणून सगळं बंद केलं. मला एकदा तरी कुणी बघत नसताना चिडायचं होतं. आणि आता चिडले, तर हे असं.’

यावर काहीतरी सुचलं की लिहीन. अकाउंट मात्र बंद करणार नाही. ते गेलं तर तू हसली होतीस याचा माझ्याकडे काही पुरावाच राहणार नाही.

फुगू


५ फेब्रुवारी

आज काय झालं ते सांगतो. दुसरं कुणी नाही सांगायला.

दुपारची पाळी होती. तलावात गर्दी नव्हती. एका कंपनीतली दोन पोरं आली होती, आपल्याच वयाची, गळ्यात अजून ऑफिसचे पट्टे. एक पाण्यात उतरला, दुसरा काठावर मोबाईल घेऊन. मोबाईल आत आणायला बंदी आहे, त्यानं टॉवेलात गुंडाळून आणला असणार. मी शिट्टी मारायला हवी होती. मारली नाही. तो कसा धरतोय हे बघत राहिलो. उभा धरायला हवा होता, त्यानं आडवा धरला होता.

पाण्यातला खोल बाजूला गेला. काठावरचा हसत होता, म्हणत होता, ‘अजून, अजून जरा.’ पाण्यातला हात खाली दाबत होता, शिडी चढल्यासारखा. तोंड पाण्याच्या रेषेवर. वर आलं की उघडायचं, खाली गेलं की मिटायचं. आवाज नाही काही. मी खुर्चीवरून सगळं बघत होतो, रुसू. डोळे पूर्ण उघडे होते माझे. आणि मी मनात म्हटलं, किती वाईट नाटक करतोय. बुडणारा माणूस असा गप्प असतो का?

मी बसून राहिलो.

मॅडम पलीकडून धावत आल्या आणि कपड्यानिशी, बुटांनिशी पाण्यात पडल्या. त्यांनी त्याला केसांना धरून काठाला आणलं तेव्हा त्याचे ओठ निळे होते. पालथा घातला, पाठीवर थापा मारल्या. पाणी पडलं, मग दुपारचं जेवण पडलं, मग तो रडायला लागला. जगला. रुग्णवाहिका आली, घेऊन गेली. त्याचा दोस्त भिंतीला टेकून उभा होता आणि मोबाईल अजून तसाच वर धरलेला. तो चालूच होता. त्याला कळतच नव्हतं की हात खाली करायचा.

मॅडम माझ्या खुर्चीखाली येऊन उभ्या राहिल्या. अंगातून पाणी निथळत होतं. मला वाटलं, थोबाडीत बसणार. त्यांनी फक्त विचारलं, ‘बघत होतास की नव्हतास?’

‘बघत होतो.’

‘मग?’

‘मला वाटलं, खोटं आहे.’

‘खोटं असलं तरी उडी मारायची,’ त्या म्हणाल्या. ‘ओलं व्हायचाच पगार आहे तुला.’

मग बुटातलं पाणी ओतत त्या ऑफिसात गेल्या. मला खुर्चीवरून उतरवलंय. उद्यापासून फरशा घासायच्या आणि कपाटांच्या किल्ल्या सांभाळायच्या. काढून का टाकलं नाही, विचारलं, तर म्हणाल्या, ‘काढलं तर दुसऱ्या तलावावर जाशील. इथे निदान मला माहीत आहे की तू कसा आहेस.’

घरी आलो आणि अकाउंट बंद केलं.

त्यातही गंमत बघ. ते आधी कारण विचारतात. पाच-सहा कारणं देतात, त्यातलं एक निवडायचं. ‘थोडी विश्रांती हवी आहे.’ ‘फार वेळ जातो.’ ‘हवं ते सापडत नाही.’ मी बराच वेळ खाली-वर केलं. माझं त्यात नव्हतं. ‘फार वेळ जातो’ दाबलं. मग विचारलं, नक्की? मग म्हणाले, महिनाभर आम्ही सगळं सांभाळून ठेवू. या महिन्यात एकदा जरी आत आलात तर सगळं होतं तसं परत मिळेल. महिना गेला की कायमचं जाईल.

जाताना दार लोटून ठेवतात ती माणसं. तू नीट बंद करून गेलीस, त्याची किंमत आज कळली.


१८ फेब्रुवारी

तू वर्तमानपत्रात ते लेख वाचतेस का? जेवताना मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवा, सकाळी चालायला जा, छंद जोपासा, आठवड्यातून एक दिवस उपास करा म्हणजे मन प्रसन्न होतं. मी सगळं करून बघितलं. चालायला गेलो, तर कुत्र्यानं अर्ध्या रस्त्यापर्यंत सोबत केली आणि त्यालाही कंटाळा आला. छंद जोपासायला बसलो, तेव्हा लक्षात आलं की मला छंद नाहीत, तूच होतीस. मन प्रसन्न वगैरे काही झालेलं नाही. मन दाढदुखीसारखं आहे. जीभ सारखी तिथेच जाते.

अंगठ्याला अजून कळलेलं नाही. मोबाईल हातात घेतला की तो आपोआप त्या जागी जातो जिथे ते चित्र होतं. आता तिथे हवामानाचं आलंय. त्यामुळे मला सारखं कळत राहतं की आज आकाश निरभ्र आहे.

काल मोह झाला. खोटं का बोलू. एकदाच आत जायचं, तो शेवटचा व्हिडिओ उतरवून घ्यायचा आणि लगेच पुन्हा बंद करायचं. तुला कळलंही नसतं. पुन्हा महिना मोजायला लागला असता एवढंच. पासवर्डही टाकला मी. शेवटचं अक्षर राहिलं होतं, तेव्हा कपाटाची किल्ली मागायला एक बाई आल्या. त्यांची किल्ली देताना मोबाईल माझ्याच हातानं त्या कपाटात ठेवला गेला आणि बाई कुलूप लावून पोहायला गेल्या. त्या येईपर्यंत तासभर मी फरशी घासली. एवढी घासली की मॅडम म्हणाल्या, ‘कलाकार, खालची माती दिसायला लागेल.’ बाई आल्यावर मोबाईल घेतला. स्क्रीन विझली होती. पेटवली नाही.

यात माझा मोठेपणा काही नाही. कुलूप दुसऱ्याचं होतं.

पण आईचं ऐक. आईनं तिसऱ्या-चौथ्या दिवशी विचारलं, तुमचे व्हिडिओ का दिसत नाहीत. मी म्हटलं, कंपनीचं काहीतरी बंद पडलंय. तिला वाटलं, तिचाच मोबाईल बिघडलाय. ती एकटी उठून दुरुस्तीच्या दुकानात गेली. तिथल्या पोरानं बघून सांगितलं, मोबाईल चांगलाय मावशी, अकाउंटच राहिलेलं नाही. हे मला तिनं सांगितलं नाही. दुकानातला पोरगा माझ्या ओळखीचा, त्यानं सांगितलं. आई घरी आली आणि मला म्हणाली, ‘दुरुस्त झाला बघ.’ तेव्हापासून ती रोज संध्याकाळी मोबाईल घेऊन बसते, थोडा वेळ त्याच्याकडे बघते आणि ठेवून देते. आम्ही दोघं एकमेकांसमोर नाटक करतोय आणि बघायला कुणीही नाही. बाबा आहेत, पण ते पंख्याकडे बघतात.

तुझ्या त्या माणसाचं नाव तू कळवलं नाहीस. बरं केलंस. पण तक्रार लेखी दे. आणि त्या बाईंनी पुन्हा ‘गोड’ म्हटलं तर विचार, तुमचं मनगट कुणी धरलं तर तुम्ही कशा ओरडता, जरा करून दाखवा. हे मी तुझ्याऐवजी म्हणायला हवं होतं. माझं पत्र पोचेपर्यंत तू म्हणूनही टाकलं असशील.


९ मार्च

मायना लिहायला तुझं खरं नाव लिहायला गेलो आणि पेन थांबलं. दोन वर्षांत लिहिलंच नव्हतं. पाकिटावर लिहिलंय, पोस्टासाठी. आत लिहायचा धीर झाला नाही, म्हणून कोरं सोडलंय.

महिना झाला. आज सकाळी बघितलं. आपलं नाव टाकलं तर खाली येतं, असं कुणीही नाही. एवढ्या लोकांपैकी कुणी विचारलं का म्हणशील, तर तिघांनी मला निरोप पाठवला. एकानं विचारलं, लग्न झालं का. एकीनं विचारलं, मेलात का. तिसरा जाहिरातवाला होता.

तुझं पत्र आलेलं नाही. मी टपालपेटी बघतो, पण दिवसातून एकदाच, हल्ली मी फार संतुलित आहे. मॅडमनी परवा पुन्हा खुर्चीवर बसवलं, उथळ बाजूला, जिथे पाणी कमरेइतकं आहे. म्हणाल्या, इथे कुणी बुडत नाही, पण तू उडी मारत जा. मारली दोनदा. दोन्ही वेळा माणसं नुसती डुबकी मारत होती. एकानं शिव्या दिल्या. मॅडम लांबून म्हणाल्या, चालेल.

आज दुपारी आईला सांगितलं. ती मोरीत भांडी घासत होती, नळ मोठा सोडलेला. मी दारात उभा होतो. पाठ माझ्याकडे होती तिची, म्हणून जमलं. मी म्हटलं, ‘आई, ती गेली. ऑगस्टमध्येच गेली. परत नाही यायची.’

आईनं नळ बंद केला. हात पदराला पुसत वळली.

‘पाण्यात ऐकू नाही आलं,’ म्हणाली. ‘परत म्हण.’

ऐकू आलं होतं तिला. तोंडावरून कळत होतं. तरी तिला वाटलं असेल, दुसऱ्यांदा विचारलं तर मी काहीतरी वेगळं म्हणेन.

मी तोंड उघडलं. शब्द तर तेच होते, आत्ताच म्हटलेले, जिभेवर गरम होते. समोर आई होती. स्टँड नव्हता, खिडकी नव्हती, मोरीतला पिवळा दिवा होता. मला ते म्हणता आलं नाही. दोन-तीनदा प्रयत्न केला. नुसता श्वास येत होता आणि जात होता, तोंड उघडत होतं आणि मिटत होतं. कशासारखं ते तुला लिहिलंय मी मागे. आई ‘राहू दे’ म्हणाली आणि तिनं नळ पुन्हा सोडला.

तेव्हापासून इथे बसलोय. बाबा मघाशी येऊन गेले. दारातून थेट मला म्हणाले, ‘जेवून घे.’ मध्ये आई नव्हती.

तो व्हिडिओ आता नाही. मी आठवून बघतोय. केस कानामागे घेतलेस ते दिसतं. उजेड दिसतो. तो छोटा थांबा अजून ऐकू येतो, ‘आणि’ म्हणालीस आणि थांबलीस. मी त्याला इतके दिवस तुझी अदा समजत होतो. आज मोरीच्या दारात उभा होतो तेव्हा कळलं तिथे काय होतं. तिथून पुढे जाता येत नाही. मला नाही आलं.

तू त्या थांब्यापुढे गेलीस. मी सांगितलं होतं म्हणून.

मी तुला ते दोनदा म्हणायला लावलं.